दिवाळीची पोस्त

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती उभ्याउभ्या, दारातल्या दारात. दिवाळी अंकात मात्र मांडी ठोकून बसायला जागा मिळते, आणि वाचकाच्या शेजारी चिवड्याची बशीही असते. म्हणून यंदा ठरवले की ज्याच्यापुढे मांडी ठोकून बसण्यात आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या, त्याच्याविषयीच बोलावे. मी न्हाव्याविषयी बोलतो आहे.

हा शब्द लिहिताना क्षणभर लेखणी अडली. त्या समाजाला आज 'नाभिक' हे नाव आवडते आणि त्याला कारणही तसेच आहे. आपल्या भाषेने या धंद्याची फार थट्टा केली आहे. कोणी फसवले की आपली 'बिनपाण्याने' झाली म्हणायचे, निरुद्योगी माणसाला 'हजामती करतोस का?' म्हणून विचारायचे. ज्याच्या हाती महिन्यातून दोनदा आपण स्वतःची मान देतो, त्याच्या धंद्याची शिवी करायला आपल्याला काही वाटत नाही. २००९ साली एका हिंदी चित्रपटाच्या नावातला 'बार्बर' हा शब्द सलूनवाल्यांनी हरकत घेतल्यावर गाळावा लागला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सारे हसले होते. 'एवढ्याशा शब्दाचे काय घेऊन बसलात!' असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. हसू नये हे खरे तर मला वयाच्या आठव्या वर्षीच एकाने शिकवले होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात नाना येत. नाना म्हणजे आमचे न्हावी. रविवारी सकाळी सातच्या सुमारास दिंडी दरवाजाची कडी वाजली की आम्ही मुले माळ्यावर, कोठीत, तुळशीवृंदावनामागे, जिथे जागा मिळेल तिथे दडत असू. वडील आम्हाला एकेकाला कानाला धरून बाहेर काढत. चौकात पाट मांडलेला असे. नाना उकिडवे बसत, गुडघ्यांच्या चिमट्यात आमचे डोके धरत आणि मग सुटका नसे. डोके हलवले तर नाना आवाज न चढवता एवढेच म्हणत, "कान दोनच आहेत, धाकटे राव." आम्ही पुतळा होत असू.

त्यांची धोकटी हे आमच्या दृष्टीने जादूगाराचे पोतडे होते. काळ्या पडलेल्या चामड्याची ती पिशवी उलगडली की आतून एकेक वस्तू निघे : दोन वस्तरे, कातर, हाताने दाबायचे केस कापण्याचे यंत्र, नखे काढायची नराणी, शिंगाची फणी, पितळेची वाटी, तुरटीचा खडा, वस्तऱ्याला धार लावायची सहाण आणि हातात धरायचा छोटा आरसा. वस्तरा सहाणेवर लावून मग चामड्याच्या पट्ट्यावर पलाटताना जो चट्‌चट् आवाज होई, तो ऐकला की आजही माझ्या मानेवर काटा येतो. दर आठ आणे होता. दशमान नाणी येऊन वर्षे झाली तरी नानांचा हिशेब आण्यांतच चाले.

पण नाना म्हणजे नुसती हजामत नव्हे. आठवड्याची बातमी वाड्यात आधी त्यांच्या तोंडून येई. कोणाची बदली झाली, कोणत्या वाड्यात नवा भाडेकरू आला, कोणाचा मुलगा मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसला, सारे त्यांना ठाऊक असे. माझ्या थोरल्या आत्याचे लग्नही त्यांच्याच एका वाक्यावर जमले म्हणतात. वडिलांची दाढी करताना ते सहज म्हणाले, "शनिवारात एक मुलगा पाहण्यासारखा आहे. रागावून बोलताना ऐकला नाही कधी." मुलाची दाढी तेच करत असत. ज्याच्या गालावरून वस्तरा फिरवला, त्याचा स्वभाव न्हाव्याला कळल्यावाचून राहत नाही.

आणि गंमत अशी की एवढे बोलघेवडे नाना नको ती गोष्ट कधी बोलत नसत. राजाच्या डोक्यावरची शिंगे पाहणाऱ्या न्हाव्याची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. त्या बिचाऱ्याला ते गुपित पेलवले नाही. नानांनी अशी किती शिंगे पाहिली आणि पोटात ठेवली कोण जाणे! कोणाला कलप लागतो, कोणाच्या डोक्यात चाई पडली आहे, कोण दाढी करताना डोळे पुसतो, यातले एक अक्षर या चौकातून त्या चौकात गेले नाही.

आता ती आठव्या वर्षीची गोष्ट. वडिलांची एक आत्या आमच्याकडेच असे. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, हातात जपमाळ आणि आम्हा मुलांसाठी कनवटीला खडीसाखर. तेराव्या वर्षी तिला वैधव्य आले होते. तिच्या डोक्यावर पदराखाली काय आहे, हा विचार आम्हाला कधी शिवलाच नव्हता. डोक्यावर पदर म्हणजेच आत्याआजी.

एके दिवशी पहाटे मी मागच्या अंगाला गेलो. मागच्या पडवीत कंदील होता. आत्याआजी भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली होती, पदर खाली होता आणि नाना तिच्या मागे बसून वस्तरा चालवत होते. दोघांपैकी कोणीही बोलत नव्हते. मी नानांना कधी गप्प पाहिले नव्हते, म्हणून मला आधी ते कोणी दुसरेच वाटले. आत्याआजीने डोळे मिटले होते. मी तसाच माघारी पळालो.

आणि वाचकहो, सांगायला शरम वाटते, सकाळी चौकात मुले जमली तेव्हा मी ती नक्कल करून दाखवली. 'आत्याआजीची हजामत!' सारे खो खो हसले. नाना तेव्हा ओसरीवर धोकटी बांधत होते. त्यांनी ऐकले. वडिलांना सांगितले असते तर माझी पाठ फुटली असती. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र माझे डोके गुडघ्यात धरल्यावर त्यांची कातर मध्येच थांबली. ते हळूच म्हणाले, "धाकटे राव, वस्तऱ्याखाली मान दिलेल्या माणसाला हसू नये. आमच्या धंद्यात ते पाप आहे." एवढेच. कातर पुन्हा चालू लागली. चौकातल्या कोणालाही ऐकू गेले नाही.

पुढे मोठेपणी पुस्तके वाचू लागलो तेव्हा कळले की हा आत्याआजीच्या पडवीतला कंदील एकट्या आमच्या वाड्यातला नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून ऐकतो. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारची सुट्टी मिळावी म्हणून खटपट केली. आपला रविवार आपण त्यांच्या कृपेने झोपून काढतो. पण याच लोखंड्यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत शेकडो नाभिक एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. सुधारक व्याख्याने देत होते, सनातनी त्यांना उत्तरे देत होते आणि ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता, त्या माणसांनी तो खाली ठेवला. यात त्यांची मिळकत बुडणार होती. व्याख्यान देणाऱ्याचे तेवढे बुडत नाही.

अशी माणसे या समाजात थोडीथोडकी झाली नाहीत. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण शाळेत घोकली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला परंपरेने नाभिक समाजातले मानले जातात. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून दुसऱ्या पालखीत महाराज बनून बसलेले शिवा काशीद हेही नाभिकच. आपण पकडले जाणार आणि मारले जाणार, हे ठाऊक असून ते पालखीत बसले. अगदी अलीकडचे पाहायचे तर माथेरानच्या गरीब नाभिक घरात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल. वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्या बरोबर हिराजी पाटीलही गेले.

आणि संतांत सेना महाराज आहेतच. राजाचे बोलावणे आले असताना सेना पूजेत रमले, म्हणून पांडुरंगच धोकटी घेऊन राजाची सेवा करायला गेला, ही कथा नाना वडिलांना दर श्रावणात, सेना महाराजांच्या पुण्यतिथीच्या सुमारास सांगत. सांगताना त्यांचा हात जरा हळू चाले. देव कुंभाराबरोबर माती तुडवतो, जनाबाईबरोबर दळतो, तसा तो आपल्याही हत्याराला हात लावतो, यात त्यांचे सारे सुख साठवलेले होते. सेना महाराजांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही आहे, हे मी त्यांना पुढे एकदा सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "असणारच. दाढी न करणाऱ्यांनाही आमचा माणूस लागतोच की!"

मात्र केवळ कौतुकच करून चालणार नाही. बारा बलुतेदारांत न्हाव्याला मानाचे पान होते, लग्नामुंजीत त्याच्यावाचून पान हलत नसे, पण त्याची पंगत शेवटची असे. आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या डोक्याला हाच न्हावी हात लावीत नसे. लावला तर गाव त्याचे बलुते बंद करी, हेही खरे. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, त्यात 'दुकान' या शब्दाची व्याख्या करताना केस कापण्याच्या सलूनचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की माणूस माणसाला कुठे कुठे दूर लोटतो. ज्या खुर्चीवर आज कारकून उठला की साहेब बसतो आणि साहेब उठला की भाजीवाला, ती खुर्ची अशी आपोआप सर्वांची झालेली नाही. अजूनही कुठल्या खेड्यातून उलटी बातमी येते आणि मान खाली जाते.

नानांनीही पुढे पाट सोडून खुर्ची धरली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी छोटेसे दुकान थाटले. समोर एक मोठा आरसा, सेना महाराजांची तसबीर, फळीवर रेडिओ आणि बाकावर पाने सुटी झालेले वर्तमानपत्र, ज्याचे अग्रलेखाचे पान एकाकडे, क्रिकेटचे दुसऱ्याकडे. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी. सोमवारी बंद. पेठेतले निम्मे राजकारण त्या बाकावर ठरे आणि तिथेच मोडे.

१९७९ साली वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना रोज दाढी करण्याची सवय. पहिल्या आठवड्यात वाढलेल्या दाढीने त्यांचा चेहरा आम्हालाच ओळखू येईनासा झाला. मी भीतभीत ब्लेड लावून पाहिले, दोन ठिकाणी कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. जुनी धोकटी काखेत घेऊन नाना उभे होते. त्यांचे वय तेव्हा पासष्टच्या पुढे. मी बोलावलेही नव्हते.

त्यानंतर सात महिने, एक दिवसाआड, दुकान उघडण्याआधी ते येत. वडिलांना उशीला टेकवून बसवीत, गरम पाण्याने गाल भिजवीत आणि चांगली पंचवीस मिनिटे दाढी करीत. वडिलांना बोलता येत नव्हते. नाना दोघांचेही बोलत. पेठेतली बातमी सांगत, मध्येच "होय ना?" म्हणून विचारीत आणि वडील डोळ्यांनी हो म्हणत. दाढी झाली की छोटा आरसा त्यांच्यापुढे धरीत. त्या आरशात पाहताना वडिलांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे हसू उमटे, ते आणायला आमच्या औषधांना जमले नाही.

त्याच दिवसांत एकदा चहा घेताना मी नानांजवळ आत्याआजीचा विषय काढला. तिला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. म्हटले, "नाना, तुम्ही मला एकदा बोलला होता. आठवतं?"

"आठवतं तर," ते म्हणाले. "तेवढंच एक काम होतं बघा, ज्याला माझा हात जायचा नाही. माझ्या वडलांनंतर ते माझ्याकडे आलं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आत्याबाई, आता कोणी काही बोलणार नाही, केस वाढू द्या. म्हणाल्या, 'जन्म गेला रे बाबा. आता केस वाढवून आरशात कोणाला बघू?' मी काय बोलणार? पुढं कधी विषय काढला नाही. पैसेही घेतले नाहीत त्या कामाचे."

"एकदाही नाही?"

"त्या दिवाळीला पोस्त द्यायच्या. चार अनारसे आणि फडक्यात बांधलेला एक रुपया. ती नको म्हणता यायची नाही. ते रुपये मी मोडले नाहीत. अठरा जमले. त्या गेल्या त्या वर्षी दुकान घातलं, तेव्हा त्यांत भर घालून समोरचा आरसा घेतला." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हटलं, त्यांनी जन्मात पाहिला नाही. निदान दुकानात तरी असावा."

वडील गेले तेव्हा आम्हा भावांचे क्षौर नानांनीच केले. माझ्या डोक्यावरून वस्तरा फिरत असता त्यांच्या हाताचा कंप मला जाणवत होता. हसणारे कोणी नव्हते.

आता त्या दुकानात नानांचा नातू बसतो. बसतो कसला, उभाच असतो! दाराला काच, आत थंड हवा, फिरत्या खुर्च्या, एकदा वापरून टाकायची ब्लेडे. मी सोमवार सोडून कधीही जातो, डोळे मिटतो आणि झाले की उठतो. कितीतरी वर्षे हे असेच चालले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एका रात्रीत सारी सलुने बंद झाली.

पहिले तीन आठवडे आमच्या घरी थट्टाच चालली. चिरंजीवांनी फोनवर पाहून पाहून माझे केस कापले आणि मग मी दोन आठवडे टोपी घालून गॅलरीत फिरलो. सौभाग्यवती म्हणाली, "नाटकातले ऋषी दिसता." मे महिना उजाडला तेव्हा न राहवून मी नानांच्या नातवाला फोन केला. हेतू एवढाच, की घरी येऊन केस कापून जाशील का, हे विचारावे.

"येता येणार नाही काका," तो म्हणाला. "बंदी आहे. आणि तुमचं वय. मी आलो आणि तुम्हाला काही झालं तर?"

मी म्हटले, "बरोबर आहे. तुझं कसं चाललंय?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कात्री घरी आहे काका, पण ती शिजवता येत नाही."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. दुकानाचे भाडे, दोन कारागीर, त्यांची घरे, त्याची शिकणारी मुलगी. मी फोन केला होता माझ्या केसांसाठी. दोन महिन्यांत त्याच्या चुलीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. ज्या घराने माझ्या वडिलांचा चेहरा सात महिने जपला, त्या घराला मी वाढलेल्या केसांचे गाऱ्हाणे सांगायला निघालो होतो.

संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा जणांना फोन केले. जुन्या काळी गाव न्हाव्याला सुगीत वर्षाचे बलुते एकदम देई. आपण तसेच करू म्हटले. सर्वांनी आपापल्या घरच्या वर्षभराच्या केशकर्तनाचे पैसे आगाऊ पाठवले. तो आधी घेईना. "दान नको काका," म्हणाला. मी म्हटले, "दान नाही, बलुते आहे. कापून फेड." तेव्हा त्याने घेतले. २८ जूनपासून राज्यात केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला मात्र नव्हती. पहिल्या आठवड्यात मी गेलो, तर त्याने तोंडाला मुसके बांधून, अंगावर प्लॅस्टिकचा झगा चढवून माझे केस कापले आणि नंतर एक वही काढून माझ्या नावापुढच्या रकमेतून त्या दिवसाचे पैसे वजा केले. वर्षभर तो वजा करत राहिला. शेवटची वजाबाकी झाली तेव्हा वहीचे ते पान त्याने मला दाखवले आणि माझ्यासमोर आडवी रेघ मारली. नाना वस्तरा पुसून मिटत, तसाच त्याचा चेहरा होता.

परवा दिवाळीपूर्वीची गर्दी टाळावी म्हणून सकाळी लवकरच त्याच्याकडे गेलो होतो. बरोबर आठ वर्षांचा नातू होता. पलीकडच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. चक्कर येऊन त्यांची मान सारखी पुढे पडत होती आणि कारागीर एका हाताने कपाळ सावरून दुसऱ्या हाताने केस कापत होता. आमच्या बाळाला हसू आले. मी काही बोलणार, तोच नानांच्या नातवाची कात्री थांबली. तो वाकून बाळाच्या कानात काहीतरी म्हणाला. मला ऐकू आले नाही. बाळ मात्र एकदम शहाण्यासारखा बसला.

मी विचारले नाही. मला ते वाक्य पाठ आहे.

समोर तो जुना आरसा अजून आहे. दुकान नवे करताना त्याने बाकीचे सारे बदलले, हा तेवढा ठेवला. कडेला पारा उडाला आहे, एका कोपऱ्यात डाग पडले आहेत. निघताना मी बाळाच्या हाती घरून आणलेला डबा दिला आणि त्याच्याकडून तो नानांच्या नातवाला देवविला. आत चार अनारसे होते आणि एका पुडीत एक रुपया.

त्याने डबा उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पोस्त?"

"पोस्त," मी म्हटले.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशीही असे एक दुकान असेल. पहाटेच्या अभ्यंगस्नानाआधी केस कापून घ्यायला तुम्ही तिथे जालच. दोन मिनिटे अधिक बसा, आणि त्याचे कसे चालले आहे हे एकदा विचारून पाहा. दिवाळीच्या शुभेच्छा.